लेकुरवाळा आचार्य

१९९६ च्या पावसाळ्यात माझे वडील इगतपुरीहून विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीचे दहा दिवसांचे शिबिर आटोपून घरी परतले, तेव्हा आम्ही भावंडे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो. हा माणूस तिथे जाईल असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते. अण्णांनी पिशवी खुंटीला अडकवली, चहा घेतला आणि तिथल्या ध्यानाबद्दल, मौनाबद्दल किंवा पहाटे चारच्या घंटेबद्दल काहीही न सांगता, ज्यांची प्रवचने त्यांनी दहा संध्याकाळी पडद्यावर ऐकली होती त्या विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंकांविषयी एकच वाक्य उच्चारले: "बाकी काही असो, माणूस लेकुरवाळा आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडी किती वजनदार होते हे समजायला अण्णा कोण होते ते सांगावे लागेल. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांची नोकरी होती आणि सुटीच्या दिवशी ते आमच्या वस्तीचे बौद्धाचार्य होते. लग्न असो, नामकरण असो, मृत्यूनंतरचा जलदान विधी असो किंवा वर्षावासातले ग्रंथवाचन असो, पांढरा सदरा घालून अण्णा हजर असत. विधी उरकला की खरे काम सुरू होई. कोणाचा मुलगा दारूला लागलेला असे, कोणाची लेक सासरहून परत आलेली असे, दोन भावांत भिंतीवरून बोलणे बंद झालेले असे, आणि ही सगळी माणसे आमच्या ओट्यावर येऊन बसत. अण्णा फार कमी बोलत. त्या काळी आमच्याकडे समुपदेशक हा शब्द कोणाला माहीत नव्हता. तो शब्द मी पुढे सरकारी दवाखान्याच्या पाटीवर प्रथम वाचला, आणि वाचताक्षणी मला आमचा ओटा आठवला.

अशा माणसाचा विपश्यनेवर राग होता. डोळे मिटून बसायला बाबासाहेबांनी सांगितलेले नाही, असे ते उघड म्हणत. तिथे आधी गेली ती आई. वस्तीतल्या तीन बायकांबरोबर ती गेली आणि दहा दिवसांनी परत आल्यावर पुढचे दोन महिने तिने अण्णांशी एकदाही वाद घातला नाही. या गोष्टीने अण्णा इतके अस्वस्थ झाले की तिथे नक्की काय करतात हे पाहायला ते स्वतः गेले. जाताना त्यांचा संशय असा होता की कुणीतरी गादीवर बसलेला महाराज असेल, पायांवर डोकी ठेवून घेत असेल आणि संसार ही माया आहे असे सांगत असेल. परत आले ते "लेकुरवाळा" हे प्रमाणपत्र देऊन. हा शब्द पंढरपूरच्या विठोबाचा आहे, हे त्यांना त्या वेळी कोणी सांगितले असते तर त्यांनी तो नक्कीच मागे घेतला असता. मी सांगितले नाही.

२०२४ साली गोयंका गुरुजींच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने बरेच काही छापून आले आणि त्यात त्यांनी उभारलेल्या पॅगोड्याची उंची, केंद्रांची संख्या, पद्मभूषण हे सगळे होते. ते सगळे खरेच आहे. मला मात्र त्या आयुष्यातली अण्णांनी ओळखलेली बाजू लिहायची आहे, कारण ती बाजू वेगळी काढली तर त्यांच्या शिकवणुकीचा निम्मा अर्थ हरवतो, असे मला वाटते.

गोयंकांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातल्या मंडाले शहरात, राजस्थानातून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या एका मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. घर सनातनी हिंदू, एकत्र आणि मोठे. तरुण वयातच व्यापारात त्यांना घवघवीत यश मिळाले, रंगूनमध्ये कारभार वाढला, तिथल्या भारतीय समाजात पुढारपण आले, आणि त्याच काळात त्यांना अर्धशिशीने गाठले. ही डोकेदुखी साधी नव्हती. झटका आला की मॉर्फिनच्या इंजेक्शनाखेरीज उतार पडत नसे, आणि मॉर्फिनची सवय लागेल या भीतीने डॉक्टर काळजीत पडलेले. युरोप, अमेरिका, जपान इथल्या डॉक्टरांचेही उंबरे झिजवून झाले. शेवटी एका स्नेह्याच्या सांगण्यावरून ते रंगूनच्या ध्यानकेंद्रात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि आपले दुखणे त्यांनी सांगितले. त्यावर ऊ बा खिन यांनी त्यांना शिबिरात घ्यायला नकार दिला.

हा नकार मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. डोकेदुखी घालवण्यासाठी ही विद्या नाही, तिचे मोल एवढे कमी करू नका, मन शुद्ध करण्यासाठी यायचे असेल तर या, अशा आशयाचे ऊ बा खिन यांचे म्हणणे होते. श्रीमंत, प्रतिष्ठित, आपल्या पायांनी चालत आलेला माणूस परत पाठवायचा, हे कोणत्याही काळातल्या गुरूला जड जाणारे काम आहे. गोयंका परत गेले, काही महिने विचार करत राहिले आणि १९५५ च्या सप्टेंबरात पहिल्या शिबिराला बसले. दुखणे पुढे गेले, पण ते सांगताना ते नेहमी घाईने पुढे सरकत. माणसे फक्त तेवढेच ऐकून ठेवतील याची त्यांना धास्ती असावी. आजही शिबिराच्या अर्जात आजारांविषयी बारकाईने विचारतात आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिरात न येण्याचा सल्ला देतात. आमच्या ओळखीचे एक कुटुंब आपल्या मुलाला असाच प्रवेश मिळाला नाही म्हणून पुष्कळ चिडले होते. मला त्या नाकारण्यात १९५५ सालचा तो जुना नकार दिसतो, आणि जो सल्लागार आपल्या औषधाची हद्द सांगतो त्याच्यावर माझा अधिक विश्वास बसतो.

शिबिराला बसण्यापूर्वी त्यांना आणखी एक अडचण होती. हिंदू समाजाचा पुढारी असलेला माणूस बौद्धांच्या केंद्रात गेला तर धर्म बुडेल, ही धाकधूक होती. ऊ बा खिन यांनी त्यांना सांगितले की इथे शील, समाधी आणि प्रज्ञा या तीनच गोष्टी शिकवल्या जातील, आणि या तिन्हींपैकी कशाला तुमचा विरोध आहे ते सांगा. विरोध करायला जागाच नव्हती. हे सगळे ते प्रवचनात सांगत तेव्हा स्वतःवरच हसत सांगत. याच ओघात ते आपल्या तापटपणाविषयी बोलत. यशस्वी व्यापाऱ्याचा अहंकार, मनासारखे झाले नाही की उसळणारा राग, आणि त्या रागाची आंच घरच्या माणसांना कशी लागत असे, हे सारे ते हातचे न राखता सांगत. अण्णांवर परिणाम झाला तो याच कबुलीचा. महाराज लोक पूर्वायुष्यातली पापे सांगतात, पण घरात आपण कसे वागत होतो हे सहसा सांगत नाहीत.

गोयंका ज्या परंपरेत शिकले ती परंपराच मुळात गृहस्थांची होती, ही गोष्ट आपल्याकडे कमी जणांना ठाऊक आहे. ब्रह्मदेशातले मोठे विद्वान भिक्खू लेडी सयाडो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी ही साधना विहाराबाहेरच्या सामान्य माणसांसाठी खुली केली. त्यांच्याकडे शिकून आचार्य झालेले सया तेजी हे शेतकरी होते, बायकामुलांचे धनी होते. त्यांचे शिष्य ऊ बा खिन हे सरकारी हिशेबनीस. १९४८ च्या ४ जानेवारीला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते त्या देशाचे पहिले महालेखापाल झाले, पुढे एकाच वेळी अनेक खाती सांभाळू लागले आणि कचेरीतल्या माणसांना कचेरीतच ध्यान शिकवू लागले. १९५२ साली त्यांनी रंगूनमध्ये आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र काढले तेव्हाही नोकरी चालूच होती. शेतकरी, मग हिशेबनीस, मग व्यापारी अशी ही ओळ आहे. यांच्यापैकी कोणी घर कायमचे सोडले नाही, आणि म्हणूनच घरात राहणाऱ्या माणसाला सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बैस असे ते सांगू शकले. सगळे सोडून जंगलात जा, हे सांगणे त्या मानाने सोपे आहे, कारण ऐकणारा ते करणार नाही हे दोघांनाही माहीत असते.

अण्णांना या काळातल्या एका योगायोगाचे फार अप्रूप होते. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच महिन्याच्या २५ तारखेला देहूरोडच्या विहारात जी बुद्धमूर्ती त्यांच्या हस्ते बसवली गेली ती रंगूनहूनच आणलेली होती. त्याच रंगूनमध्ये त्या वेळी हा अर्धशिशीने बेजार झालेला व्यापारी राहत होता आणि त्याला बुद्धाच्या शिकवणुकीची अजून भीती वाटत होती. "दोघे एकाच गावात होते," असे अण्णा म्हणत आणि पुढे काही बोलत नसत. मला वाटते, बाबासाहेबांशी इमान न सोडता इगतपुरीला जाण्याची वाट त्यांना या एका वाक्यातून मिळाली होती.

१९६२ च्या मार्चमध्ये लष्करप्रमुख ने विन यांनी सत्ता हाती घेतली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत खासगी उद्योगधंदे सरकारजमा झाले. गोयंकांचे कारखाने, पेढी, सारे गेले. या नुकसानीविषयी ते आनंदाने बोलत, कारण धंद्यात जाणारा वेळ मोकळा झाला आणि गुरूजवळ बसायला मिळाले. १९५५ ते १९६९ अशी चौदा वर्षे ते ऊ बा खिन यांच्याजवळ शिकले. कबूल करतो की हे ऐकताना माझ्या मनात नेहमी एक प्रापंचिक शंका येते. धंदा बुडाल्यावर आनंदी होणाऱ्या माणसाच्या घरात स्वयंपाकघराचा हिशेब कोण बघत होते? सहा मुलगे होते. त्यांच्या पत्नी इलायचीदेवी त्या वर्षांविषयी काय सांगत असतील, हे मला गोयंकांच्या प्रवचनांइतकेच ऐकावेसे वाटले असते. त्या मात्र फारच कमी बोलल्या.

मग १९६९ साल आले. त्यांचे आई-वडील त्या वेळी भारतात होते आणि आई मज्जातंतूंच्या विकाराने आजारी होती. ब्रह्मदेशाचे नागरिक असलेल्या गोयंकांना देशाबाहेर पडायला परवानगी मिळणे अवघड होते, पण आजारी आईसाठी ती मिळाली. निघण्यापूर्वी ऊ बा खिन यांनी त्यांना आचार्य म्हणून नेमले. ही विद्या भारतातून ब्रह्मदेशात आली, तिथे जपली गेली आणि भारतात नाहीशी झाली, तेव्हा भारताचे ऋण फेडायला ती परत गेली पाहिजे, अशी त्यांची जुनी तळमळ होती आणि त्यांना स्वतःला जाता येत नव्हते. जूनमध्ये गोयंका भारतात उतरले. ३ जुलै १९६९ रोजी मुंबईत एका धर्मशाळेत पहिले शिबिर सुरू झाले. त्यात चौदा जण होते आणि त्या चौदांत त्यांचे आई-वडील होते.

अडीच हजार वर्षांपूर्वीची विद्या मायदेशी परतली, असा या घटनेचा गौरव केला जातो आणि तो योग्यच आहे. पण मी पुन्हापुन्हा त्या धर्मशाळेतल्या खोलीकडे परत जातो. पंचेचाळीस वर्षांचा मुलगा समोर आसनावर बसला आहे आणि त्याची आजारी आई, ज्या बाईने त्याची आजारपणे, राग, खोड्या सगळे पाहिले आहे ती, त्याच्यासमोर विद्यार्थिनी म्हणून बसली आहे. ज्यांनी आपल्या वडिलांना रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या एवढेच सांगून पाहिले असेल त्यांना यातली अवघड जागा कळेल. अण्णांनी आयुष्यभर परक्यांची भांडणे सोडवली, पण आमच्या आजीला मात्र तंबाखू सोड असे सांगायची त्यांची छाती झाली नाही. गोयंकांच्या आईला त्या शिबिराने आराम पडला. काही महिन्यांत परत जायचे म्हणून आलेला हा माणूस मग इथलाच झाला. गुरूची भेट पुन्हा व्हायची नव्हती. १९ जानेवारी १९७१ रोजी ऊ बा खिन रंगूनमध्ये वारले, तेव्हा गोयंका भारतात गावोगाव शिबिरे घेत फिरत होते.

सुरुवातीला स्वतःची जागा नव्हतीच. धर्मशाळा, शाळा, मंदिर, मशीद, चर्च, मिळेल तिथे शिबिर होई. इगतपुरीला डोंगराच्या पायथ्याशी जागा घेतली गेली आणि १९७६ साली धम्मगिरी या केंद्रावर शिबिरे सुरू झाली. आमच्या नाशिकच्या लोकांना इगतपुरी म्हणजे कसाऱ्याचा घाट चढून आलेली गाडी जिथे दम खाते ते गाव, पावसाळ्यात आठवडाभर ऊन न दाखवणारे. त्या गावाचे नाव परदेशी माणसे तोंड वेडेवाकडे करून विचारू लागली ती या केंद्रामुळे.

इथे पैशांविषयी लिहिले पाहिजे, कारण संसारी माणसाच्या सच्चेपणाची परीक्षा तिथेच होते. शिबिराला शुल्क नाही, राहणे-जेवणही मोफत. ज्याने शिबिर पूर्ण केले आहे त्यानेच पुढच्यांसाठी दान द्यायचे, आणि तेही संस्थेला. शिकवणाऱ्या आचार्यांना मानधन नाही, दक्षिणा नाही. ज्याच्या पोटापाण्याची स्वतंत्र सोय आहे त्यानेच आसनावर बसायचे, हा दंडक गोयंकांनी स्वतःपासून पाळला. त्यांचा निर्वाह कुटुंबाच्या व्यवसायावर चालला. याचा अर्थ असा की मुले धंदा बघत होती म्हणून बापाला लोकांपुढे हात पसरावा लागला नाही. गृहस्थाश्रम हा त्यांच्या धर्मकार्यातला अडथळा नव्हता, उलट त्या कार्याचा जमाखर्च स्वच्छ ठेवणारी तीच व्यवस्था होती. यावर कोणी म्हणेल की श्रीमंत घरच्या माणसाला हे परवडते, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रेसच्या पगारावर पाच जणांचे घर चालवणाऱ्या अण्णांनीही लग्न लावायचे पैसे कधी घेतले नाहीत, पण एखाद्या महिन्यात ते आईला फार जड गेले होते, हे मी पाहिले आहे.

मी स्वतः २००४ साली गेलो. झोप उडाली होती, कारण सांगण्यासारखे नव्हते. पहाटे चारला घंटा, साडेचारला पहिली बैठक, दिवसभरात दहा तासांहून अधिक ध्यान, संध्याकाळी पाचला मुरमुरे आणि फळ, आणि दहाव्या दिवसापर्यंत कोणाशी बोलणे तर सोडाच, कोणाच्या नजरेला नजर देणेही नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत पाहत जायच्या. ज्या सुखद आहेत त्यांना धरून ठेवायचे नाही, ज्या दुखऱ्या आहेत त्यांना ढकलायचे नाही. सांगायला एवढेच आहे. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. त्यानंतरच्या एका प्रवचनात कळले की आपल्या पहिल्या शिबिरात गोयंकांनीही पळून जायची तयारी केली होती. मला त्यांच्या साऱ्या शिकवणुकीपेक्षा तेव्हा या एका गोष्टीचा जास्त आधार वाटला.

त्यांचा माझा परिचय एवढाच, आवाजाचा. ऐंशीच्या दशकापासून त्यांनी सहायक आचार्य नेमले आणि सूचना व प्रवचने ध्वनिमुद्रित स्वरूपात दिली, त्यामुळे लाखो माणसांनी त्यांना माझ्यासारखेच ओळखले. खर्जातला, सावकाश, शेवटचे अक्षर ओढत नेणारा, राजस्थानी वळणाच्या हिंदीचा तो आवाज. पहिल्या दिवशी बैठकीच्या शेवटी त्या आवाजात "भवतु सब्ब मंगलं" ऐकले आणि मी दचकलो. ही ओळ माझी होती. आमच्या वस्तीत प्रत्येक वंदनेच्या शेवटी, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयतीनंतर अण्णांच्या चढ्या सुरात ती मी ऐकलेली होती. तीच ओळ इथे जणू कोणी झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालताना म्हणावी तशी येत होती.

दुपारी आचार्यांना भेटता येते. तिथे माणसे ध्यानाचे विचारायला जातात आणि घरचे सांगू लागतात, हे मी दारात रांगेत बसून ऐकले आहे. त्यांना सल्ला मिळतो तो फारच आखडता: घरचे प्रश्न घरी गेल्यावर, आता कामाला लागा. गोयंका स्वतःला गुरू म्हणवून घेत नसत, कल्याणमित्र हा पाली परंपरेतला शब्द त्यांना अधिक पसंत होता. मित्राने किती सांगावे आणि कुठे थांबावे याचे भान त्या शब्दात आहे. अण्णाही ओट्यावर बसलेल्या माणसाला शेवटी एवढेच विचारत, "मग आता तू काय करणार?" दहाव्या दिवशी मौन सुटते. आमच्या वेळी मौन सुटल्यावर पहिली रांग टेलिफोनपाशी लागली होती, आणि जगाची अनित्यता नऊ दिवस न्याहाळलेले पुरुष फोनवर पोराचा ताप उतरला का, गॅसचा नंबर लावला का, असे विचारत होते.

आंबेडकरी चळवळीतल्या अनेकांना हे सारे मान्य नाही आणि त्यांचे आक्षेप मी हलके मानत नाही. विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्याच्या विरोधात मनाची समता राखायची म्हणून गप्प बसायचे काय, हा प्रश्न खरा आहे. जातीने दिलेले दुःख केवळ आपल्या प्रतिक्रियेतून जन्मत नाही, ते समोरच्याच्या हातातल्या काठीतूनही येते, आणि बाबासाहेबांनी सांगितलेला धम्म त्या काठीविषयी स्पष्ट बोलतो. गोयंकांच्या प्रवचनांत ही काठी मला क्वचितच भेटली. त्यांनी स्वतःवर बौद्ध अशी चिठ्ठी लावून घ्यायलाही नकार दिला. २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात भरलेल्या धर्मनेत्यांच्या परिषदेतही त्यांनी एका संघटित धर्मातून दुसऱ्यात जाण्यापेक्षा दुःखातून सुखाकडे जाण्याचे धर्मांतर मांडले. ज्यांच्यासाठी १९५६ चे धर्मांतर हेच माणूसपण परत मिळवणे होते, त्या माझ्या माणसांना ते वाक्य टोचले तर नवल नाही. अण्णांनाही ते टोचलेच असते. तरी ते पुढे आणखी दोनदा इगतपुरीला गेले, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही शेवटपर्यंत पुढे चालले. या दोन गोष्टी त्यांच्यात कशा नांदत होत्या हे मला पूर्ण उलगडलेले नाही.

तुरुंगांचे काम मात्र आक्षेप घेणारेही मान्य करतात. १९७५ साली जयपूरच्या तुरुंगात पहिले शिबिर झाले, आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या तिहारमध्ये गोयंकांनी हजाराहून अधिक कैद्यांचे एकच शिबिर घेतले. त्यावर भरपूर लिहिले गेले आहे.

त्यांच्या शेजारच्या आसनावर बसलेल्या इलायचीदेवींवर मात्र कोणी फारसे लिहीत नाही. साधक त्यांना माताजी म्हणत. प्रवचनांच्या चित्रफितींत त्या पतीच्या शेजारी तासभर, जवळजवळ न हलता बसलेल्या दिसतात. आईने पहिल्या शिबिराहून परतल्यावर सांगितलेली एकमेव गोष्ट हीच होती: "बाई शेजारी बसतात." आमच्याकडे जलदान विधीला अण्णा पुढे बसत आणि आई स्वयंपाकघरात असे. अण्णा इगतपुरीहून परतल्यावर त्यांनी एकदा आईला विधीच्या वेळी पुढे येऊन बसायला सांगितले. आई म्हणाली, "मग भाकऱ्या कोण थापणार?" पण पुढच्या वेळेपासून ती बसू लागली आणि भाकऱ्या आम्ही भावंडांनी जमतील तशा थापल्या. २००२ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गोयंका अमेरिका आणि कॅनडात चार महिने मोटारीच्या चाकावरच्या घरातून प्रवचने देत फिरले तेव्हाही माताजी बरोबर होत्या. या वयात अनोळखी देशात एवढ्याशा जागेत चार महिने एकत्र काढणे, हे मला तिहारच्या शिबिराइतकेच विलक्षण वाटते.

गोराईच्या खाडीपलीकडचा पॅगोडा २००९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुला झाला. ब्रह्मदेशाचे उपकार फिटावेत म्हणून रंगूनच्या श्वेडगोन पॅगोड्याच्या आकाराचा, आत एकही खांब नसलेला, आठ हजार माणसे एकत्र बसतील एवढा दगडी घुमट. आम्ही अण्णांना बोटीतून तिकडे नेले. त्यांनी वर पाहून "पोकळ आहे," एवढेच म्हटले आणि बसायला जागा शोधली. २०१२ साली गोयंकांना पद्मभूषण मिळाले. अण्णा त्याच्या आधीच्या वर्षी गेले होते.

२९ सप्टेंबर २०१३ च्या रात्री मुंबईत, आपल्या राहत्या घरी, मुलाबाळांत गोयंका वारले. आपल्या मागे एकही व्यक्ती गादीवर न बसवता, काम अनेक आचार्यांत वाटून देऊन ते गेले. सकाळी बातमी कळली तेव्हा आई नेहमीप्रमाणे खिडकीपाशी तासाच्या बैठकीत होती, म्हणून मी थांबलो. ती उठल्यावर सांगितले. तिने हात जोडले, काही वेळ अण्णांच्या तसबिरीखाली तशीच उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "बाईंजवळ कोण आहे रे?"